बीएस्सी सीएस, पंच्याऐंशी हजारांचा क्लास आणि तेराचं फॅक्टोरियल

पत्र :

"ताई, मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात एसवाय बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करते, पुणे विद्यापीठ. दहावीपर्यंत मराठी मीडियम. सीईटीत पर्सेंटाइल कमी आले, इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर ब्रँच मिळाली नाही म्हणून इकडे आले. इंजिनिअरिंगच्या मैत्रिणी म्हणतात बीएस्सीला कोण विचारतं. कॉलेजात सी, डेटा स्ट्रक्चर, पोस्टग्रेस असलं जुनं शिकवतात, सर स्लाइड वाचून दाखवतात, लॅबबुक सगळे एकमेकांचं बघून उतरवतो आणि सही घेतो. पुण्यातल्या एका क्लासचा फोन येतोय, 'फुल स्टॅक विथ एआय', ८५ हजार, शंभर टक्के प्लेसमेंट, या महिन्यात भरले तर दहा हजार कमी. पप्पांचं छोटं दूध संकलन केंद्र आहे, ते म्हणतात पतसंस्थेतून कर्ज काढू. मला लॅपटॉप नाही. इंग्लिश बोलता येत नाही. आणि सगळे म्हणतात एआयमुळे कोडिंगचे जॉबच जाणार. मग क्लास लावू, एमसीए करू, का परत इंजिनिअरिंगला जाऊ? आम्ही ओबीसीत येतो, उत्पन्न आठ लाखाच्या खूप आत आहे. — गोंधळलेली एसवाय"

अगं गोंधळलेली,

तुझ्या पत्रात चार-पाच प्रश्न आहेत पण तारीख एकालाच आहे, तो आधी निकालात काढू. क्लास लावू नको. निदान आत्ता एसवायला, निदान कर्ज काढून, आणि "या महिन्यात भरले तर" असं ऐकून तर मुळीच नको. दहा हजारांची ही सूट पुढच्या महिन्यातही असते आणि दिवाळीलाही असते, फोन करणाऱ्या मुलीला महिन्याचं टार्गेट असतं म्हणून महिनाअखेर आली की ती तुझी जास्त काळजी करायला लागते, इतकंच त्यात आहे.

सगळे क्लास वाईट असं माझं म्हणणं नाही हां. मी पुण्यात कंपनीत काम करते, फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेते, क्लास करून आलेली चांगली पोरंही बघितलीत. पण ती चांगली पोरं क्लासच्या आधीपासूनच बरी होती, हे दहा मिनिटं बोललं की कळतं. बाकीच्यांचं काय होतं की रेझ्युमे सगळ्यांचा सारखा, प्रोजेक्ट सगळ्यांचा सारखा, तेच ई-कॉमर्स वेबसाइट नाहीतर फूड डिलिव्हरी ॲप, आणि "हे बटण दाबलं की डेटा कुठे जातो ते सांग" म्हटलं की शांतता. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणजे नेमकं काय हे त्यांच्याकडून कागदावर लिहून माग, बहुतेक ठिकाणी ते "प्लेसमेंट असिस्टन्स" निघतं, म्हणजे अमुक इतक्या ठिकाणी तुझा रेझ्युमे पाठवू, पुढचं तुझं तू बघ. मागच्या बॅचच्या दोन-तीन मुलींशी बोलायचं असेल तर क्लासवाल्यांनी दिलेले नंबर घेऊ नको, लिंक्डइनवर स्वतः शोध. आणि एक गोष्ट पप्पांना नक्की सांग, "झिरो इंटरेस्ट ईएमआय" म्हणून जे असतं ते बऱ्याचदा फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं, क्लास मधेच सोडला तरी हप्ता चालू राहतो, चुकला की सिबिल खराब. टोकन म्हणून दोन हजार भरा म्हणतील, तेही भरू नको.

आता मला ज्यावर खरं बोलायचंय ते. तू लिहिलंयस "सी, डेटा स्ट्रक्चर, पोस्टग्रेस असलं जुनं शिकवतात". हे वाक्य वाचून मी जरा थांबलेच, कारण इंटरव्ह्यूत मी जे विचारते ते सगळं याच जुन्यात आहे.

थांब, नुसतं सांगून पटायचं नाही, करून बघ. एफवायच्या लॅबबुकात सेट ए मध्ये फॅक्टोरियलचा (१ पासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार) प्रोग्राम असणारच, प्रत्येकाच्या असतो, फॉर लूप, एक इंट (पूर्णांक ठेवायची जागा), गुणत जायचं. तो काढ. ५ टाक, १२० येतं, सगळ्यांनी ५ च टाकलेलं असतं आणि सही घेतलेली असते. आता १२ टाक. ४७,९०,०१,६०० येईल, बरोबर आहे. आता १३ टाक. स्क्रीनवर येईल १,९३,२०,५३,५०४. मग वहीवर हाताने गुणाकार कर, १२ च्या उत्तराला १३ ने गुण, येतं ६,२२,७०,२०,८००. म्हणजे कॉम्प्युटरने सहाशे बावीस कोटीच्या जागी एकशे त्र्याण्णव कोटी सांगितले, आणि सांगताना एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही, अगदी ठामपणे खोटं. १७ टाकलंस तर उत्तर चक्क मायनसमध्ये येईल, फॅक्टोरियल कधी मायनस असतं का! आणि ३४ टाकलंस तर शून्य.

का होतं हे? तुझ्या इंटला ३२ बिट मिळालेत, त्यात एक बिट चिन्हाला, म्हणजे २१४ कोटींच्या थोडं पुढे गेलं की जागा संपली. एफवायला इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला ब्रेडबोर्डवर फुल ॲडर, म्हणजे बिटांची बेरीज करणारं सर्किट, लावला होतास ना, आणि मनात म्हणाली असशील की कॉम्प्युटरवाल्यांना हे कशाला? त्यात शेवटच्या ॲडरमधून जो हातचा बाहेर पडतो तो पुढे कुणाला द्यायचा, कुणी नाहीच, तो गेला. १३ ला नेमकं तेच झालं, ३२ बिटांच्या वरचा भाग गळून पडला आणि उरलेलं तुला उत्तर म्हणून दाखवलं. खरं उत्तर वजा २ चा ३२ वा घात करून बघ, स्क्रीनवरचाच आकडा येतो. आता ३४ ला शून्य का ते मात्र मी सांगणार नाही, गणिताच्या वहीत शोध, हिंट देते, १ ते ३४ च्या गुणाकारात २ हा अवयव किती वेळा येतो ते मोज.

यात बघ किती विषय आले. सी आलं, इलेक्ट्रॉनिक्स आलं, डिस्क्रीट मॅथ्स आलं. इंटच्या जागी लाँग लाँग (६४ बिटांचा) केलंस तर २० पर्यंत बरोबर चालेल आणि २१ ला परत तेच रडगाणं. मग पायथनमध्ये कर, तिथे १०० चं फॅक्टोरियलसुद्धा बिनचूक येतं. मग प्रश्न पडला पाहिजे की पायथनला ३२ बिटांचं बंधन का नाही, तो एवढा मोठा आकडा ठेवतो कुठे? उत्तर असं की तो आकड्याचे तुकडे करून ते रांगेने ठेवतो आणि शाळेत आपण हातचे घेत गुणाकार करायचो तसा हिशोब करतो, म्हणून तो अचूक पण हळू. ही रांग म्हणजे ॲरे, तुमच्या डेटा स्ट्रक्चरचा पहिला धडा. आणि गंमत म्हणजे हे तू स्वतः सीमध्ये लिहू शकतेस, पन्नास-साठ ओळींत होतं. जी मुलगी हे स्वतः लिहून आली तिला मी कुठल्या कॉलेजची म्हणून विचारणारही नाही.

एआयचा प्रश्न पण इथेच सुटतो बघ. फॅक्टोरियलचा प्रोग्राम चॅटजीपीटी एका सेकंदात लिहून देतं, त्यासाठी तुला कुणी पगार देणार नाही हे खरंच आहे. पण ते कधी इंट घेऊन देईल, कधी लाँग लाँग, आणि दोन्ही वेळा सांगेल की हा प्रोग्राम बरोबर आहे. तो कुठपर्यंत बरोबर आहे हे ओळखणारं माणूस लागतं. टीममध्ये आम्ही सगळेच एआय वापरतो, खोटं कशाला बोलू, रोज वापरतो. त्यामुळे नुसतं टायपिंगचं काम कमी झालं आणि दुसऱ्याने लिहिलेलं वाचून त्यात कुठे पाणी मुरतंय हे शोधायचं काम वाढलं. हे काम कुणाला जमतं, तर ज्याने स्वतःच्या हाताने लिंक्ड लिस्ट लिहिताना पॉइंटर हरवलाय, सेगमेंटेशन फॉल्ट खाल्लाय आणि संध्याकाळपर्यंत तो कुठे गेला हे शोधलंय त्याला. तेव्हा तुझा नियम असा ठेव, आधी स्वतः लिही, अडलीस तर अडून बस जरा, मग एआयला विचार पण "कोड दे" असं विचारू नको, "माझा कोड कुठे चुकतोय त्याची फक्त हिंट दे" असं विचार. शिकायच्या काळात त्याच्याकडून लिहून घेणं म्हणजे लॅबबुक उतरवून काढण्याचाच प्रकार, फक्त मैत्रिणीच्या ऐवजी मशीनचं.

मार्केट मंद आहे हे मात्र तुला गोड बोलून लपवणार नाही. २०२३ पासून मोठ्या सर्व्हिस कंपन्यांनी फ्रेशर भरती बरीच आखडती घेतली, आधी जशा सरसकट ऑफर मिळायच्या तसं राहिलं नाही. इंजिनिअरिंगच्या मैत्रिणींनाही हेच भोगायचंय, त्या बोलत नाहीत एवढंच. पण म्हणून शिकायचंच सोडलं तर भरती वाढेल तेव्हा तू कुठे असशील?

आता लॅबबुक. अगं, तो सेट ए, सेट बी, सेट सीचा प्रकार ज्याने केला त्याने विचार करून केलाय, सी सेट कठीण असतो म्हणून सगळे सोडतात, तू तिथूनच सुरू कर. प्रॅक्टिकल परीक्षेची स्लिप यायची म्हणून "स्लिप सोल्युशन" पीडीएफ फिरते वर्गात, माहितीये मला, सगळ्या कॉलेजांत फिरते. ती पाठ करून मार्क मिळतील, मिळव, मार्क लागतात एमसीएला. पण प्रत्येक स्लिपला एक खोडी काढायची सवय लाव, इनपुट शून्य दिलं तर? मायनस दिलं तर? अक्षर दिलं तर? फाइल रिकामी असेल तर? सर स्लाइड वाचतात तर वाचू दे, लॅबचे तास तर तुझे आहेत ना. आणि लॅब असिस्टंटशी नीट बोलून बघ, लेक्चर संपल्यावर दोन तास मशीन मिळेल का विचार, बहुतेक ठिकाणी मिळतं, कुणी मागतच नाही म्हणून कुलूप लावतात.

प्रोजेक्टचं तर तुझं नशीब इतकं भारी आहे की तुला कळलेलं नाही. टीवायला प्रोजेक्ट लागेल तेव्हा तुझ्या वर्गातले अर्धे "लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम" विकत आणतील, नाव बदलतील, संपलं. तुझ्या घरी दूध संकलन केंद्र आहे! त्यावर प्रोजेक्ट कर, आणि आत्ताच सुरू कर, टीवायची वाट बघू नको.

पप्पांजवळ एक सकाळ बस आणि नुसतं बघ. शेतकरी येतो, कोड नंबर सांगतो, लिटर मोजलं जातं, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) येतो, गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर, त्याच्या वर-खाली असेल तर चार्टप्रमाणे पॉइंटला पैसे वाढतात नाहीतर कापले जातात. संध्याकाळी परत तेच. दहा दिवसांनी बिल, त्यातून उचल कापायची, पशुखाद्याची पोती नेली असतील ती कापायची, उरलेलं हातात. आता हे पोस्टग्रेसमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या टेबलांत, बसव. पहिल्यांदा सगळे करतात ते तूही करशील, शेतकऱ्याच्या टेबलमध्येच दराचा एक कॉलम ठेवशील. चालेल की, पाच-सहा दिवस मस्त चालेल. मग संघाने दहा दिवसांच्या मधेच दर बदलला, तू कॉलममध्ये नवा दर टाकलास, आणि पहिल्या सहा दिवसांचं दूधही नव्या दराने धरलं गेलं, किंवा त्याहून वाईट, मागच्या महिन्याचं जुनं बिल परत काढलं तर त्याचाच आकडा बदलला. गावातला माणूस वही घेऊन दारात उभा राहील, "पोरी, तुझा कॉम्प्युटर खोटं बोलतो." तेव्हा कळतं की दर वेगळ्या टेबलमध्ये पाहिजे, कुठल्या तारखेपासून लागू ते त्याच्यासोबत पाहिजे, आणि बिल काढताना त्या-त्या दिवसाचा दर शोधून लावला पाहिजे. नॉर्मलायझेशन म्हणून जी तुम्ही व्याख्या पाठ करता, फर्स्ट फॉर्म, सेकंड फॉर्म, थर्ड फॉर्म, ती याच पद्धतीच्या भानगडी होऊ नयेत म्हणून आहे. व्याख्या विसरशील पण वही घेऊन आलेला माणूस विसरणार नाहीस.

आणि पैशाचा कॉलम फ्लोट (दशांश आकड्यांचा प्रकार) ठेवू नको. का ते पण करून बघ, सीमध्ये एक डबल (फ्लोटचाच मोठा भाऊ) घे, शून्यापासून सुरू करून त्यात ०.१ दहा वेळा मिळव आणि मग विचार की हे १ च्या बरोबर आहे का. नाही म्हणेल. आपल्याकडे एक भागिले तीन जसं ०.३३३३ करत संपत नाही तसं बायनरीत ०.१ संपत नाही, म्हणून तो कुठेतरी तोडून ठेवतो. एका लिटरला काही वाटणार नाही पण दोनशे शेतकरी, दोन वेळचं दूध, महिनाभर, म्हणजे पैसा-दोन पैसा करत ताळेबंद जुळेनासा होतो आणि पप्पा रात्री बसून शोधत बसतात. पोस्टग्रेसमध्ये यासाठी न्यूमेरिक नावाचा प्रकार आहे, तो वापर. हे सगळं करून इंटरव्ह्यूला आलीस आणि कुणी म्हटलं प्रोजेक्ट एक्सप्लेन करा, तर तुला पाठ केलेलं काही म्हणावं लागणार नाही, घरचंच सांगायचंय. कोड गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) टाकत जा, रोज थोडा, म्हणजे तूच केलंय हे तारखांवरून दिसतं. फक्त शेतकऱ्यांची खरी नावं आणि खाते नंबर तिथे टाकू नको, खोटी नावं घाल.

आता पुढचं शिक्षण, हे पटकन सांगते कारण यात फार तत्त्वज्ञान नाही. बारावीला गणित असेल तर बीएस्सीनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, पण म्हणजे अजून तीन वर्षं, आणि हाती बॅचलर डिग्रीच, म्हणजे बॅचलरवर बॅचलर. एमसीए दोन वर्षांचं आहे, पूर्वी तीन होतं, २०२० पासून दोन केलं, आणि नोकरीत एमसीएला बीईच्या बरोबरीने धरणाऱ्या कंपन्या भरपूर आहेत. मैत्रिणींच्या टोमण्यासाठी एक वर्ष जास्त द्यायचं का, मी तर देणार नाही. राज्याच्या सीईटी सेलची एमसीए सीईटी असते, गणित-स्टॅटिस्टिक्स, लॉजिकल रीझनिंग, इंग्लिश आणि कॉम्प्युटरचं बेसिक असे भाग, टीवायच्या हिवाळ्यापासूनच फॉर्मवर लक्ष ठेव, परीक्षा सुरू असल्याच्या नादात फॉर्म चुकलेली मुलं दर वर्षी बघते. चांगला स्कोअर आला तर मुंबईत व्हीजेटीआय, एसपीआयटी अशी नावं उघडतात. गणित आवडत असेल तर एनआयटीवाल्यांची निमसेट पण दे, ती जास्त गणिताची आहे. पुण्याचं सीडॅक तुझ्या डोक्यात असेल, सगळ्यांच्या असतं, पण त्यांचा डॅकचा पीजी डिप्लोमा इंजिनिअरिंग, एमसीए किंवा एमएस्सीवाल्यांसाठी आहे, तीन वर्षांच्या बीएस्सीवर त्याचा विचार आत्ता करू नको.

आणि हे पप्पांना मोठ्याने वाचून दाखव. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला, ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, पालकांचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सेसची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. त्याआधी यातली बरीचशी सवलत अर्धीच होती. एमसीए त्यात येतं, पण प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारची केंद्रीय प्रवेश फेरी) पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलास तर नाही. हॉस्टेल, मेस, डिपॉझिट हे तुमच्याच खिशातून. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला हे टीवायच्या सुट्टीतच तहसीलमधून काढून ठेव, कॅपच्या वेळी सेतूत रांग असते आणि सर्व्हर डाउन असतो, नेहमीचंच आहे. म्हणजे बघ, ८५ हजार कर्ज काढून जो क्लास लावणार होतात त्याच्या ऐवजी दोन वर्षांची डिग्री फी न भरता होऊ शकते.

घरून लगेच नोकरीचा आग्रह झाला तर तीही वाट आहे, विप्रोसारखी कंपनी बीएस्सी-बीसीएच्या पोरांना घेऊन नोकरीसोबत एमटेक करवते, टीसीएस पण बीएस्सी-बीसीएवाल्यांची वेगळी भरती करते. विप्रोत काही वर्षांचा करार असतो, सही करण्याआधी नीट वाच, मधे सोडलं तर किती भरावे लागतील ते विचार. बाकी तुमच्या नव्या पॅटर्नमध्ये चौथ्या वर्षाचं ऑनर्स आहे, रिसर्चकडे जायचं नसेल तर ते करून परत एमसीए करण्यात मला अर्थ दिसत नाही.

लॅपटॉप घे. क्लासच्या पैशातून नाही, त्याच्या साधारण पावभागातून. कंपन्यांमधून निघालेले रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप वीस-पंचवीस हजारांत मिळतात, रॅम ८ जीबी, एसएसडी असलेला, वॉरंटीचं बिल देणाऱ्याकडूनच घे, बॅटरी किती टिकते ते दुकानातच बसून बघ. गेमिंगवाला लाल लाइटचा घेऊ नको. लिनक्स टाक, तुमच्या लॅबमध्ये तसंही तेच असेल, सी, पोस्टग्रेस, पायथन, जावा सगळं फुकट आणि या मशीनवर आरामात चालतं.

इंग्लिशचं तुला जितकं वाटतंय तितकं मोठं नाही. इंटरव्ह्यूत आम्हाला शेक्सपिअर नको असतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वाचता येणं आणि बोलता येणं. वाचता आलंच पाहिजे, त्याला पर्याय नाही, आणि त्याची सुरुवात एरर मेसेजपासून कर. आलेली एरर न वाचता मैत्रिणीला हाक मारायची सवय असते सगळ्यांना, ती मोड, प्रत्येक एरर अक्षर न अक्षर वाच, वहीत लिही, समोर मराठीत अर्थ लिही, वर्षभरात तुला कॉम्प्युटरचं जेवढं इंग्लिश लागतं तेवढं येऊन जाईल. विषय समजून घ्यायला मात्र मराठीची लाज वाटू देऊ नको. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल म्हणून प्रकल्प आहे, सी, लिनक्स, पायथन असे बरेच विषय मराठी आवाजात आहेत, छोटे छोटे व्हिडिओ, बघत बघत शेजारी करत जायचं, फुकट. त्यातून पाया झाला की एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीमची लेक्चर्स आहेत, तीही बघायला फुकट, सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची असेल तरच फी. तुझे सर स्लाइड वाचतात ना, मग तिथे जाऊन तोच टॉपिक आदल्या रात्री बघून ये आणि वर्गात एक प्रश्न विचार. सर चिडतील किंवा खूश होतील, दोन्हीपैकी काहीही झालं तरी दुसऱ्या दिवशी ते जरा वाचून येतील.

बोलायचं असं कर. वर्गात अजून एखादी तरी असेलच जिला खरंच शिकायचंय, तिला शोध. आठवड्यातून एकदा दोघींनी एकमेकींना एक टॉपिक शिकवायचा, डेडलॉक म्हणजे काय, जॉइन म्हणजे काय, ब्राउझरमध्ये पत्ता टाइप केल्यावर काय काय होतं. आधी मराठीत, धडाधड, न अडखळता. मग तेच इंग्लिशमध्ये, मोडकंतोडकं का होईना. मराठीत नीट सांगता येत नसेल तर अडचण इंग्लिशची नव्हतीच असं समज आणि पुस्तक परत उघड. इंटरव्ह्यूत अडलीस तर "कॅन आय एक्सप्लेन विथ अ डायग्राम" म्हण आणि कागद ओढ, चित्र काढणाऱ्या मुलीला आजवर मी तरी ग्रामर विचारलेलं नाही.

पप्पांशी बोलताना "क्लास नको" एवढंच म्हणू नको, त्यांना वाटेल पोरगी घाबरली नाहीतर कंटाळली. वीस-पंचवीस हजारांचा लॅपटॉप, टीवायच्या हिवाळ्यात सीईटीचा फॉर्म, कॅपमधून एमसीए, फी माफ, आणि मधल्या काळात केंद्राचा हिशोब कॉम्प्युटरवर, असं सगळं एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेव. दूधवाल्या माणसाला हिशोब दाखवला की पटतो.

— तुझी ताई

ता. क. : लॅपटॉप येईपर्यंत थांबून राहू नको. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स म्हणून फुकट ॲप आहे, फक्त प्ले स्टोअरवरून न घेता एफ-ड्रॉइडवरून (फुकट ॲप्सचं दुसरं स्टोअर) घे, त्यात क्लँग टाकलं की सीचे प्रोग्राम फोनवरच कंपाइल होतात. स्क्रीन छोटी आहे, वैताग येईल, पण १३ चं फॅक्टोरियल आज रात्रीच बघून होईल. ३४ चं उत्तर सापडलं तर कारणासकट लिहून पाठव.